कापसाच्या खोलीतली थाप

मामांच्या वर्षश्राद्धाला नांदगाव खंडेश्वरजवळच्या त्यांच्या गावी गेलो होतो. पंगती उठल्या, पाहुणे पांगले आणि मामी पदराला हात पुसत माझ्याजवळ येऊन बसली.

"बाबू, तुया डब्ब्यात थे हायेत नं?"

"हायेत."

"मंग एक डाव आयकव मले. वर्ष झालं, आवाज नाही आयकला त्यायचा."

"थे" म्हणजे मामा. डबा म्हणजे माझं वर्कस्टेशन. बाजासारखं दिसणारं, पण बाहेरचा आवाज माइकमधून आत घेऊन आपल्या पट्ट्यांवर बसवून घेणारं यंत्र. अशा आत घेतलेल्या आवाजाला आमच्या धंद्यात सॅम्पल म्हणतात. मामा त्याला मरेपर्यंत डबाच म्हणाले, म्हणून मामीही डबाच म्हणते. मी म्हणालो, पुढच्या खेपेला घेऊन येतो.

अमरावतीला घरी आलो, वर्कस्टेशन कपाटावरून उतरवलं, धूळ पुसली, चालू केलं, मेमरी कार्ड आत घातलं. पडद्यावर अक्षरं आली: कार्ड वाचता येत नाही, फॉरमॅट करायचं का? मी नाही म्हटलं. कार्ड काढून शर्टाला पुसलं, पुन्हा घातलं. पुन्हा तेच. राजकमल चौकातल्या मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे नेलं, तर त्यानं ते उलटंपालटं करून पाहिलं आणि मलाच विचारलं, "काका, हे काय असते?" मी कार्ड त्याच्या हातातून ओढून घेतलं.

त्या कार्डात मामांच्या खंजिरीच्या थापा होत्या. त्यांची अस्सल दुसरी प्रत माझ्या माहितीत एकाच माणसाकडे होती, अकोल्यात. त्या माणसाचं तोंड पाहायचं नाही असं मी ठरवलेलं होतं. अजूनही मला वाटतं की मी बरोबरच ठरवलं होतं. पण ते कळायला आधी कापसाची खोली कळली पाहिजे.

मी कोणाच्या पुण्याईवर वर आलेलो नाही. अमरावतीच्या इतवारा बाजारातल्या एका मंडपवाल्याकडे लग्नातले भोंगे बांबूला बांधायचं काम करत होतो. ऑर्केस्ट्रावाले जेवायला गेले की त्यांच्या बाजावर बोटं ठेवून पाहायचो. त्यातून शिकलो. पुढे स्वतःची म्युझिकल पार्टी काढली. वर्कस्टेशन घेतलं ते नागपूरच्या एका ऑर्केस्ट्रावाल्याकडून, वापरलेलं. मधल्या सप्तकातली काळी चार दाबली की वर यायला आळस करायची. सौदा पटेपर्यंत मी दुसरी पट्टी दाबलीच नाही. चहा आला तरी काळी चार, त्याची बायको डोकावली तरी काळी चार. शेवटी तो म्हणाला, "घेऊन जा बावा, पण आता थांब." गरज ज्याची दिसली तो सौद्यात मेला, हे मी बाजारात शिकलो होतो आणि तेच आजवर पाळलं.

त्या यंत्रात सगळं होतं. व्हायोलिनं होती, तुताऱ्या होत्या, ब्राझीलचे ढोल होते. खंजिरी नव्हती. आमच्या वऱ्हाडात खंजिरीवरचं भजन निघालं नाही तर कार्यक्रम झाला असं लोक धरत नाहीत. मी विलायती डफलीचा आवाज तिच्या जागी वाजवत होतो. एका गावी भजन संपल्यावर पुढच्या रांगेतला एक म्हातारा शांतपणे म्हणाला, "बाप्पा, हे खंजिरी नाही. हे खिशातली चिल्लर हाये." मांडव हसला. माझ्या डोक्यात तिडीक गेली, पण म्हातारा खोटं बोलत नव्हता.

खरी खंजिरी मला माहीत होती. मामांची. आणि तिथे माझी जुनी तक्रार होती. पोरवयात सुट्टीला मामांकडे असायचो तेव्हा मी त्यांच्या भजनी मंडळात झांज वाजवायचो. एका सांजेला भर भजनात त्यांनी खंजिरी थांबवली आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "याची लय चढते. घ्या त्याच्या हातची झांज." तेव्हापासून मी त्या मंडळात बसलो नव्हतो. पुढे स्टेजवर हार पडले, पेपरात फोटो आला, तरी ते वाक्य कानात तसंच होतं.

तरी गेलो. सोबत माझा पार्टनर होता. अकोल्याचा, आमच्या पार्टीचा साउंड तो पाहायचा. त्याच्याकडे लॅपटॉप होता आणि माइक होता. त्याचा स्वभाव थंड. मी भांडायचो आणि तो मागाहून जाऊन लोकांशी गोड बोलून यायचा. अशी आमची जोडी जमली होती.

आमच्याकडे मामा भाच्याच्या पाया पडतो. मामांनी दारातच वाकून माझ्या पायाला हात लावला आणि वर होत म्हणाले, "या भाचेराजे. काय मांगायले आले?"

"मांगायले नाही. तुमची खंजिरी डब्ब्यात भरून न्यायले आलो."

"मंग म्या काय वाजवू? परात?"

त्यांना समजावता समजावता चहा थंड झाला. आवाज घ्यायचा तर शांतता पाहिजे, आणि त्या घरात ती कुठेच नव्हती. अंगणात शेळी, मागे मोटरपंप, वर पत्र्यावर चिमण्या. पार्टनर घरभर टाळ्या वाजवत फिरला आणि आवाज कुठे घुमत नाही ते पाहत शेवटी एका दारात थांबला. ती कापसाची खोली. भाव वाढेल म्हणून मामांनी वेचलेला कापूस आढ्यापर्यंत भरून ठेवला होता. आत टाळी वाजवली तर ती हातातच विरून जायची. पार्टनर म्हणाला, "भाऊ, मुंबईत याच्यासाठी लोक भिंतीले गाद्या लावते." आम्ही कापूस मागे रेटून बसायपुरती जागा केली. मामा, मी, पार्टनर आणि मध्ये वर्कस्टेशन. साठवलेल्या कापसाची खाज ज्यानं अनुभवली त्यालाच कळेल. माइक चालू असताना खाजवायचं नाही, एवढा एकच नियम मी घातला होता आणि तो पाळणं सगळ्यात कठीण होतं.

मामीनं खंजिरी चुलीच्या धगीवर शेकून आणून दिली. थंडीचे दिवस होते, कातडं ढिलं पडायचं. मी म्हणालो, "मामा, आता एकच थाप. मग थांबा. मग दुसरी."

मामांनी खंजिरी मांडीवर ठेवली. "नुसती?"

"नुसती."

"नुसती थाप देत नाही आमी."

तो त्यांच्या मंडळाचा रिवाज होता. तोंडी देवाचं नाव असल्याशिवाय खंजिरीला हात लावायचा नाही. मोकळी थाप म्हणजे दारावरची थाप, तिला कोण आलं म्हणून पाहायला यमही येतो, असं त्यांच्या गुरूंनी त्यांना सांगितलेलं. मी म्हणालो, पुढे ही थाप मी भजनातच वाजवणार आहे, नाव तेव्हा येईलच.

"देवाजवळ उधारी चालत नाही, भाचेराजे."

"मंग मनात घ्या नाव. माइकले मन आयकू येत नाही."

यावर त्यांनी मान डोलावली. सौदा पटला असं मला वाटलं. पहिली थाप घेतली, हेडफोन लावून ऐकली. थापेच्या जरासं आधी बारीक आवाज होता, "हं".

"मामा, तोंड बंद ठेवा."

"बंदच हाये."

दुसरी थाप. हं. तिसरी. हं. त्यांचे ओठ मिटलेले होते, मी स्वतः पाहत होतो. पण मनात नाव घेतलं की ते नाकातून बाहेर येत होतं. मी चिडलो. म्हणालो, श्वास धरून ठेवा. त्यांनी श्वास धरला, तर थापच मेलेली आली. पार्टनर कापसाला टेकून हसत होता आणि हसू दाबल्यानं त्याला खाज सुटली होती. शेवटी मी म्हणालो, राहू द्या तो "हं", मागून काढता येईल. हलकी, मधली, भारी अशा थापा घेतल्या. किणकिण वेगळी घेतली. एक एक थाप पट्टीवर बसवली. त्यात अशी सोय होती की पट्टी हळू दाबली की हलकी थाप वाजावी, जोरात दाबली की भारी. दुपार कलली तेव्हा मी पट्टी दाबली आणि मामांची खंजिरी माझ्या बोटातून वाजली. मामांनी आपल्या हातांकडे पाहिलं.

आणि लाईट गेली.

तेव्हा लोडशेडिंगचे दिवस होते, आणि त्या वर्कस्टेशनची खोड अशी की आत घेतलेला आवाज कार्डावर जतन केला नाही तर वीज गेली की ते सगळं विसरतं. मी जतन केलं नव्हतं. सगळं झाल्यावर एकदाच करू म्हणून ठेवलं होतं.

"काय झालं?" मामांनी त्या बिनखिडकीच्या खोलीतल्या अंधारात विचारलं.

"पुसलं गेलं," पार्टनर म्हणाला. आवाज घेतला होता तो थेट यंत्रात, लॅपटॉप पिशवीतच होता.

"सगळं?"

"सगळं."

मामा उठले, पाठ खाजवत दाराशी गेले. "म्या एवढी भजनं पाठ केली, कंदिलाच्या उजेडात केली. याले लाईट गेली तर सकाळचं आठवत नाही. याच्या भरवशावर मले सोडून राहिला तू?"

मी वर्कस्टेशनची वायर गुंडाळायला लागलो. निघायचं, आत्ताच्या आत्ता. पार्टनर मात्र जाऊन मामीजवळ चुलीपाशी बसला. तिथे काय बोलणं झालं ते मला कळलं नाही. पण थोड्या वेळानं मामा आले आणि म्हणाले, "उद्या परत देतो थापा. पण आज सांजच्या भजनात बसा लागीन."

"डब्बा घेऊन?"

"झांज घेऊन. आन् चढू नोको."

मी आयुष्यात पुष्कळ सौदे केले, पण समोरच्यानं असा भाव सांगितलेला आठवत नाही. नाही म्हणायची इच्छा होती. हो म्हटलं.

दिवेलागणीला पारावर मंडळ बसलं. लाईट नव्हतीच, गॅसबत्ती होती. झांज हातात घेतली तेव्हा तळहाताला तिचा गारवा लागला आणि मी परत पोरवयातला झालो. मामा समोर बसले होते. ते गाऊ लागले तेव्हा मला दिसलं की त्या "हं"वरच त्यांचं सगळं उभं आहे. आधी हं, मग थाप, मग शब्द. गाडी ओढण्याआधी बैल मान खाली घालतो तसं. मी त्या हंकडे कान लावून झांज मारत गेलो. लय चढायला लागली की माझे हात आपोआप घाई करत, आणि मामा गाता गाताच भुवई वर करत. मी खाली यायचो. भजन चालू असताना मध्येच लाईट आली, पाराजवळच्या खांबावरचा दिवा लागला. कोणी वर पाहिलं नाही. मीही नाही. भजन संपल्यावर मामा चांगलं झालं असं काही म्हणाले नाहीत. झांज मात्र त्यांनी माझ्या हातातून घेतली नाही. मी ती घरी नेऊन त्यांच्या कोनाड्यात ठेवली.

दुसऱ्या दिवशी सगळ्या थापा पुन्हा घेतल्या, त्या "हं"सकट. प्रत्येक थाप घेतली की आधी कार्डावर जतन. पार्टनरनं एक प्रत लॅपटॉपमध्येही ठेवली. "असू दे भाऊ, तुया डब्ब्याचा भरवसा नाही." मला तेव्हा ते बरोबर वाटलं.

तो हिवाळा आणि पुढची काही वर्षं आमची पार्टी वऱ्हाडात जोरात होती. मूर्तिजापूर, बार्शीटाकळी, दर्यापूर, कुठे गेलो नाही असं नाही. खंजिरी सुरू झाली की म्हातारे मांडी सावरून बसायचे. मी त्यांच्याकडे पाहायचो आणि मनात म्हणायचो, आता बोला चिल्लर.

मग पार्टनरनं वेगळी पार्टी काढली. काढू दे, धंदा आहे. पण एका लग्नाला मी अकोल्यात होतो आणि मांडवाबाहेर चपला घालता घालता मामांची खंजिरी ऐकली. त्यांच्या खंजिरीतली एक चकती किंचित वाकलेली होती, तिची जराशी कुरकुर लपत नाही. स्टेजवर कोणी पोरगा बोटांनी ती वाजवत होता, आणि बाजूला पार्टनर मिक्सरवर उभा. माझ्या मामाला त्यानं पेन ड्राइव्हमध्ये घालून भाड्यानं लावलं होतं. मी स्टेजच्या मागे जाऊन त्याला जे बोललो ते लिहिण्यासारखं नाही. तो एवढंच म्हणाला, "भाऊ, माइक म्या धरला होता." हे वाक्य मला अजून पचलेलं नाही. पुढे त्या थापा त्याच्या पोरांकडून दुसऱ्यांकडे गेल्या, आणि आता कोणत्याही वरातीत तशीच खंजिरी वाजते. कोणाची, ते कोणालाच माहीत नाही.

मामीनं मागितलं नसतं तर मी त्याच्या दारात गेलो नसतो.

दुपारच्या गाडीनं अकोल्याला उतरलो. त्याचं आता साउंडचं दुकान आहे. सौद्याचा नियम म्हणून गरज दाखवायची नाही असं ठरवलं होतं. आत जाऊन एका मिक्सरवर हात फिरवत उभा राहिलो. तो आला. केस पांढरे झाले होते.

"मिक्सर पाहून राहिलो," मी म्हणालो.

"अमरावतीचा माणूस मिक्सर घ्यायले अकोल्यात येते?"

"भाव पाहायले."

"बस. चहा सांगतो." तो बसला आणि म्हणाला, "मामा गेल्याचं समजलं होतं. यायची हिंमत नाही झाली. मामी कशी हाये?"

मिक्सर सोडून मी बसलो. कार्डाचं सांगितलं. मामी काय म्हणाली ते सांगितलं. मग सवयीनं विचारलं, "बदल्यात काय पाहिजे?"

"चहा थंड होऊन राहिला."

मला राग आला. ज्याला भाव नाही अशी वस्तू घ्यायची मला सवय नाही. त्यानं कॉम्प्युटरवर फाईल उघडली आणि स्पीकर लावला. हलकी थाप. मधली. स्वच्छ, काचेसारखी.

"हं कुठे गेला?"

"काढला, भाऊ. स्टेजवर मोठ्या स्पीकरमधून थो खोकल्यावानी वाटे. तूच म्हणला होता नं, मागून काढता येते."

"मुळातलं?"

"थो लॅपटॉप कधीच भंगारात गेला."

मी उठून उभा राहिलो. दुकानात गिऱ्हाईक होतं, तरी माझा आवाज चढला. चोरी केली ती केली, वर माणूस काढून घेतला आणि टरफल ठेवलं, असं काहीबाही बोललो. त्यानं ऐकून घेतलं, पूर्वीसारखंच. मग म्हणाला, "बस अंमळ. एक राहिली." आणि शेवटची फाईल लावली. भारी थाप.

हं.

"ह्यातून निघालाच नाही," तो म्हणाला. "बाकीच्यात आधी हं, मंग थाप. हिच्यात दोन्ही एकाच जागी हायेत. काढून पाहिला, तर थापच मरून जाये. दोन रात्री त्याच्यातच गेल्या. मंग राहू देला."

आम्ही ती पुन्हा ऐकली. गिऱ्हाईक कंटाळून निघून गेलं. त्यानं सगळं एका पेन ड्राइव्हवर दिलं, मी घेतलं. मामीकडे चल, असं मी त्याला म्हणालो नाही. त्यानंही विचारलं नाही. दारापर्यंत मात्र तो आला.

पेन ड्राइव्ह माझ्या जुन्या वर्कस्टेशनला लागत नाही. माझ्या बहिणीच्या पोराचा नवा कीबोर्ड मागून आणला, त्यात थापा बसवल्या आणि गावी गेलो. कापसाच्या खोलीत या वर्षीही कापूस होता, भाव वाढायची वाट पाहत. मामीला तिथेच बसायचं होतं. मी पट्टी दाबली. हात कचरला असेल, हलकी थाप वाजली.

"हे नोको," मामी म्हणाली. "असं कोणीबी वाजवते."

मी जोरात दाबली. हं आणि थाप, दोन्ही एकदम. मामीची मान वळली, दाराकडे.

"पुन्हा."

मी पुन्हा मारली. तिसऱ्यांदा ती म्हणाली, "एवढं जोरात नोको मारू, बाबू. थे हळू बोलत."

पण हळू दाबलं की मामा निघत नव्हते, नुसती खंजिरी निघत होती. मग मी ती जोर-हळूची सोयच काढून टाकली. कशीही दाबली तरी भारी थापच वाजेल असं केलं, आणि आवाज कमी केला. मामीचं बोट धरून पट्टीवर ठेवलं. तिनं दाबलं. हं. मग थांबून पुन्हा दाबलं. पुन्हा. ती कधी मंडळात बसली नव्हती, स्वयंपाकघरातूनच ऐकत आली होती. पण तिच्या बोटाची लय जराही चढत नव्हती.

मी बघत बसलो होतो. ती माझ्याकडे न पाहता म्हणाली, "झांज कोनाड्यात हाये. आन् चढू नोको."